दुर्जनाची पपई

"अहो, हा खड्डा कुणासाठी?"

"दुर्जनासाठी," आमचे हे म्हणाले आणि कुदळ टेकवून घाम पुसायला लागले.

सकाळच्या वेळी आपला नवरा असं काही बोलला तर बायकोनं काय समजायचं? मी हातातली परात तिथंच पायरीवर ठेवली.

"दुर्जनासाठी म्हणजे? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही गं. नीतिमानाचा खड्डा नळाजवळ खणून झालाय. जा, बघून ये."

मी बघून आले. आमच्या राहत्या खोल्यांशेजारी नळ होता, त्याच्या सांडपाण्याच्या चरापाशी छान भुसभुशीत खड्डा होता. बाजूला दोन गंजक्या डब्यांत पपईची दोन रोपं होती. आणि इकडं देवळाच्या मागं, मुरुमाच्या खडखडीत कोपऱ्यात, जिथं कुत्रंसुद्धा बसत नसे, तिथं हा दुसरा खड्डा. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दाखला! ह्या माणसाला पुन्हा दाखला सुचला होता.

सांगायला हवं, आमचे हे म्हणजे शलमोन त्रिभुवन, तेव्हा घोगरवाडीच्या ख्रिस्ती मंडळीचे, अजून दीक्षा न झालेले पाळक होते. माणूस देवभोळा, आवाज खणखणीत, आणि खोड एकच. शास्त्रातली गोष्ट नुसती सांगून ह्यांचं समाधान व्हायचं नाही, ती करून दाखवायची. पहिल्या गावी हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगताना ह्यांनी जिवंत मेंढरू देवळात आणलं. ते उपासनेच्या मधोमध खरोखरच हरवलं. मेंढरू सरपंचांचं होतं, आणि ते अजून सापडलेलं नाही. दुसऱ्या गावी यरीहो शहराचा तट नुसत्या फेऱ्यांनी आणि शिंगांच्या आवाजानं कसा पडला हे दाखवायला ह्यांनी पोरांच्या हातात डबे दिले आणि ते बडवत सगळ्यांना शाळेच्या कुंपणभिंतीभोवती फिरवलं. भिंत पडली. ह्यांना वाटलं, चमत्कार झाला. हेडमास्तरांना तसं काही वाटलं नाही.

तेव्हा बिशपसाहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं करून सांगितलं होतं, "त्रिभुवन, यापुढं उपदेश तोंडानं करा. हातानं करू नका. घोगरवाडीत एक वर्ष नीट काढा. कापणीच्या सणाला मी स्वतः येईन. सगळं ठीक दिसलं तर दीक्षा. नाहीतर मिशनच्या गोदामात कारकुनाची जागा रिकामी आहे."

मला घोगरवाडी सोडायची नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा मला खिडकी असलेलं स्वयंपाकघर मिळालं होतं. पण धाकधूक अशी की माझी ट्रंक मी अजून पुरती उपसली नव्हती. उगाच कपडे लावून ठेवायचे आणि परत भरायचे! वर्ष सुखरूप पार पडलं, ह्यांची दीक्षा झाली, की मगच ट्रंक रिकामी करायची असं मी ठरवलं होतं.

"अहो, साहेबांनी काय बजावलंय?" मी म्हणाले.

"सगुणा, ही झाडं आहेत. झाडं पळत नाहीत आणि पडत नाहीत."

मी परात उचलली.

रविवारी रोपं लागली. खोक्याच्या फळ्यांवर ह्यांनी स्वतः रंगानं पाट्या लिहिल्या. नळाजवळ 'नीतिमान', मुरुमात 'दुर्जन'. मग सगळ्या मंडळीला अंगणात उभं करून ह्यांनी खुलासा केला. देवाचं ऐकणारा माणूस म्हणजे पाण्याकाठचं झाड. तो वाढणार, त्याला फळ येणार. दुर्जन वाळून जाणार. नीतिमानाला घराघरानं पाळीपाळीनं बादलीभर पाणी घालायचं. कापणीच्या सणाला बिशपसाहेबांच्या देखत दोन्ही झाडं एकापाठोपाठ एक बघायची, म्हणजे वेगळा उपदेशच नको.

"आन दुर्जनाला काय घालायचं?" रूथमावशींनी विचारलं. ह्या गावभर दूध घालायच्या. आवाज असा की म्हैस दचकावी.

"काही नाही. थेंबसुद्धा नाही."

"काईच न्हाई? लेकरू हाय वो ते."

"ते लेकरू नाही, मावशी. ते दुर्जन आहे. दुर्जन म्हणजे काय नुसता चोर-दरोडेखोर? मापात मारणारा दुर्जन. दुसऱ्याची वस्तू गुपचूप ठेवून घेणारा दुर्जन. घरच्या माणसाला चोरून एकट्यानं गोडधोड खाणारासुद्धा दुर्जनच!"

ह्या शेवटच्या वाक्याला माझे कान तापले. त्याचं काय झालं होतं, की माझ्या आईनं कैरीच्या लोणच्याची मोठी थोरली बरणी पाठवली होती. आमच्या ह्यांना लोणचं म्हणजे जीव की प्राण, बरणी पुढ्यात ठेवली तर आठवडा काढणार नाहीत. म्हणून मी ती ट्रंकेत, गोधडीच्या खाली लपवली होती. ह्यांच्यासाठी पुरवून पुरवून वाढायचं असं मनाशी म्हणत होते. वाढलं कधीच नाही. दुपारी हे भेटीगाठींना गेले की मी ट्रंक उघडायची आणि उभ्या उभ्या दोन फोडी तोंडात टाकायची. बरणी भराभर खाली चालली होती. मी आपली स्वतःलाच म्हणायची, काय गं बाई तुझा हा अधाशीपणा!

मी त्या मुरुमातल्या रोपाकडं बघितलं. दोन पानं होती, तीही मान टाकून. माझ्या मनात आलं, हे तर माझंच झाड.

त्या वर्षीचा उन्हाळा म्हणजे नुसता जाळ. नळाला दिवसाआड पाणी, मग आठवड्यातून एकदा, मग टँकर. तरी नीतिमानाची बादली चुकत नव्हती. ज्याची पाळी तो यायचा, बादली ओतायचा, "सलाम, पाळकसाहेब" म्हणून जायचा. आणि मी दुपारी भांडी विसळलेलं पाणी पदराआड धरून मागच्या कोपऱ्यात जायची. दुर्जन जगला तर ह्यांचा दाखला फसणार, दाखला फसला तर दीक्षा गेली, दीक्षा गेली तर गोदाम. माझं मलाच कळत होतं, की मी माझ्या हातानं माझ्या खिडकीवर पाणी ओतते आहे. पण ते रोप माझ्याकडं बघायचं हो! रोज ठरवायची, आजचा शेवटचा तांब्या. रोज ट्रंकही उघडायची.

एकदा हे मागून आले आणि मटकन पायरीवर बसले.

"सगुणा, दुर्जन फोफावतोय."

"काय सांगता!"

"माझ्या कमरेला लागला. थेंबभर पाण्याशिवाय! हे कसं काय?"

"मुरुमात ओल असेल," मी पाठ फिरवून तांदूळ निवडायला लागले. निवडलेलेच तांदूळ होते, तरी निवडले.

ह्यांनी त्यासाठी प्रार्थना केली. दुर्जन आणखी वाढला. पावसाळ्यात पाऊस म्हणजे चार शिंतोडे, पण तेवढेही त्याला मिळू नयेत म्हणून ह्यांनी चार बांबू रोवून दुर्जनावर पत्रा घातला. रूथमावशी दुधाची कासंडी घेऊन चालल्या होत्या, त्या थबकल्या.

"पाळकसायब, ह्यो मांडव कशापायी?"

"दुर्जनावर पाऊस पडायला नको म्हणून."

"अगं बया! म्हंजी देवानं पाडला तरी तुमी अडवनार?"

ह्यांनी बांबूची गाठ आणखी घट्ट आवळली. दोन दिवसांनी पत्रा नाहीसा झाला. मंडळीचे पंच थोमाकाका पारधे म्हणाले, रात्री वारं सुटलं होतं, वाऱ्यानं नेला असेल. आम्हाला तरी वारं जाणवलं नव्हतं. पण थोमाकाका म्हणजे पांढऱ्या मिशांचा, उपासनेत पहिल्या बाकावर बसणारा माणूस. त्यांच्या शब्दावर कोण शंका घेणार?

पुढं पुढं नीतिमानानं मात्र ह्यांचं मन राखलं. उंच, सरळसोट वाढला, आणि पांढऱ्या फुलांचे लांबच लांब तुरे लोंबायला लागले ते महिनोन्‌महिने लोंबतच राहिले. हे तर हरखूनच गेले. थोमाकाकांना हाताला धरून घेऊन आले.

"बघा, काका! बघा नीतिमानाचा बहर!"

थोमाकाकांनी मिशीवरून हात फिरवला. "सायब, सांगू का? त्यो नर हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी फुलंच. पपईत नराला फळ धरत न्हाई."

"कधी धरेल?"

"कंदीच न्हाई."

पत्रा गेल्यापासून हे दुर्जनाकडं फिरकलेच नव्हते. ह्यांनी एक तुरा हातात धरून उलटसुलट बघितला. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "आणि दुर्जन?"

"ती मादी हाय. धरलीय बी. मागं जाऊन बघा, गळ्यापस्तोर लगडलीया."

"तरी पण एखादा नर लागतोच की," मी ह्यांना धीर द्यायला म्हणाले. "त्याच्याशिवाय मादीला फळ धरायचं नाही."

हे एकदम ताठ झाले. "म्हणजे दुर्जनाला जी फळं आली ती नीतिमानामुळं? सगुणा, हा तर मोठा उपदेश आहे! कागद आण!"

मी कागद आणला नाही. कापणीचा सण आठवड्यावर आला होता. मी सरळ मुद्द्यावर आले. "अहो, नुसत्या पाट्या बदलूया. ह्याची तिकडं, त्याची इकडं. साहेबांना काय कळतंय?"

"सगुणा!" हे एवढे दुखावले, की मलाच वाईट वाटलं. "नीतिमानाच्या पाटीखाली खोटं? मग मला गोदामातच धाडू देत."

ह्यांचं बरोबर होतं. पण गोदामात स्वयंपाकघर नसतं.

सणाच्या आदल्या संध्याकाळी बिशपसाहेबांची जीप आली. आम्ही त्यांना पुढची खोली दिली, पाहुण्यांचा नक्षीचा तांब्या घासूनपुसून भरून ठेवला. जेवताना ह्यांनी दोन झाडांचा दाखला, दुर्जनाला थेंबही द्यायचा नाही हेसुद्धा, साहेबांना सांगितलं. साहेब कमी बोलले आणि लवकर झोपले. मला काही झोप आली नाही. पहाटे तांबडं फुटायच्या आत मी उठले, अनवाणी अंगणात गेले आणि दोन्ही पाट्या उपटून अदलाबदल केली. हो, केली! खिडकीसाठी केली. दुर्जनापाशी पाय चिखलात गेला तेव्हा मी चपापले. माती ओलीगच्च होती आणि अंधारात कुठलंसं भांडं पायाला लागून गडगडलं. कोण आलं होतं एवढ्या पहाटे? पण थांबून बघायची छाती झाली नाही. मी पळत घरात आले आणि चूल पेटवली.

उपासना झाली. दुष्काळाचं वर्ष, वेदीपुढं दोन दुधी, थोडी बाजरी आणि एक रुसलेला कोंबडा एवढाच काय तो हंगाम होता. मग हे मंडळीला आणि साहेबांना घेऊन अंगणात निघाले. चेहरा पांढराफटक, पण पाऊल ठाम. मी मात्र मनातल्या मनात निर्धास्त होते. ह्यांना नंतर काय सांगायचं ते नंतर बघता येईल.

सगळे आधी नळाजवळ थांबले. साहेबांनी चष्मा लावून वाचलं, "नीतिमान."

वर बघते तर नुसते तुरे लोंबताहेत. एकही फळ नाही. पाटी जिथल्या तिथं!

मी थोमाकाकांकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते.

"बाई," ते मिशीतल्या मिशीत पुटपुटले, "तुमी बी बदलल्या व्हत्या का काय?"

"पहाटे."

"आरं देवा! म्या उजाडल्यावर बदलल्या. न वाचताच!"

तोवर मंडळी मागच्या कोपऱ्यात पोचली होती. मुरुमातलं झाड देवळाच्या छपराला भिडलं होतं आणि खोडाला निम्म्यापासून गळ्यापर्यंत पपया. काही तर पिवळ्याधमक झालेल्या. साहेबांनी वाचलं, "दुर्जन."

"त्रिभुवन, ह्याला पाणी कोण घालतं?"

"कोणी नाही, साहेब. थेंबसुद्धा नाही."

"आणि तरी हे असं?"

"होय, साहेब." ह्यांनी हात पाठीमागं बांधले. "माझा दाखला फसला. मी ट्रंक बांधायला सांगतो."

ट्रंक! तो शब्द ऐकला आणि माझे डोळेच भरून आले. आता बोलावं तर लाज, न बोलावं तर गोदाम. तेवढ्यात रूथमावशी कोपरानं माणसं बाजूला सारत पुढं आल्या.

"थेंब न्हाई कसं म्हनता, पाळकसायब? रोज सकाळी तांब्याभर म्या घालते."

"मावशी, तुम्ही?"

"मंग काय करू? तुमीच म्हनलात, मापात मारनारा दुर्जन. दुधात पानी घालते म्या. घालते तर घालते. पाटी बघितली का माझंच नाव लिवल्यावानी वाटायचं. म्हनलं, दुधात घालायचं त्यातलं थोडं हितं घालावं."

कोणीतरी हसलं. मावशी गरकन वळल्या. "हसतोस काय रं? तुला बी बघितलंय म्या, मळ्यातनं येताना घागर रिकामी करताना!"

मग धरणच फुटलं. एकेक जण बोलायला लागला. कोणी सासूला उलट बोलली होती, कोणी शेजाऱ्याच्या बांधात नांगर घातला होता. सगळ्यांनी चोरून चोरून त्या एका झाडाला पाणी घातलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच. थोमाकाकांनी टोपी काढली.

"सायब, पत्रा वाऱ्यानं नेला न्हाई. म्या नेला. दुर्जनाला पाऊस मिळावा म्हनूनच नेला, पर परत द्यायची इच्छा झाली न्हाई. माझ्या खुराड्यावर हाय. पाप लागू नये म्हनून मंग बादली बी वतत व्हतो."

साहेबांची नजर माझ्यावर आली. "आणि तुम्ही, बाई?"

मी पदर तोंडाशी धरला. "भांडी विसळलेलं पाणी घालत होते, साहेब. आईनं लोणच्याची बरणी पाठवलीय. ह्यांना न सांगता ट्रंकेत लपवून एकटी खाते. जवळजवळ संपवलीच!"

मंडळी हसायला लागली, पण मला रडू फुटलं. ह्यांच्याकडं बघायचा धीर होईना.

"म्हणजे त्रिभुवन," साहेब म्हणाले, "सबंध घोगरवाडीत ह्या झाडाला पाणी न घालणारे तुम्ही एकटेच?"

"होय, साहेब," हे म्हणाले. "मी कधीच घातलं नाही."

हे एकटेच एका बाजूला उभे होते, मान ताठ, हात पाठीमागं. अगदी नळाजवळच्या त्या नरासारखे दिसत होते. मग ह्यांचा चेहरा हळूहळू लाल व्हायला लागला. आधी कान, मग गाल, मग टक्कल.

"सगुणा," हे म्हणाले, "ती बरणी तू एकटीनं नाही संपवलीस."

"म्हणजे?"

"गोधडीखालची ना? मी रात्री उठून खात होतो. मला वाटलं, तुला ठाऊकच नाही की तुझ्या आईनं ट्रंकेत बरणी ठेवलीय. तुला सांगितलं असतं तर निम्मी द्यावी लागली असती."

अख्खी मंडळी एवढी हसली, की वेदीपुढचा कोंबडा आत ओरडायला लागला. आणि मी? मी रडता रडता हसत होते. बया, आणि मी इतके महिने स्वतःला अधाशी म्हणत होते!

हे मात्र हसले नाहीत. ते झाडाकडं गेले. पाणी घालायला काहीतरी भांडं हवं म्हणून इकडंतिकडं बघितलं, तर बुंध्यापाशी चिखलात एक तांब्या लवंडलेला होता. ह्यांनी तो उचलून पुसला.

"अगं सगुणा, हा तर आपला पाहुण्यांचा नक्षीचा तांब्या. इथं कसा आला?"

बिशपसाहेब खाली बघून खोकले. मग चष्मा काढून तो पुसत राहिले, बराच वेळ.

हे तांब्या घेऊन नळावर गेले. आठवड्याचं पाणी त्याच सकाळी आलं होतं. तांब्या काठोकाठ भरला, परत चालत आले आणि सगळ्यांच्या देखत, गुडघे टेकून, दुर्जनाच्या बुंध्याशी ओतला. शेवटचा थेंब पडेपर्यंत हात हलवला नाही. ह्यांनी काही म्हणजे काही समजावून सांगितलं नाही. आमच्या लग्नापासून मी ऐकलेला हा ह्यांचा पहिला गप्प उपदेश.

बिशपसाहेबांनी चष्मा परत लावला.

"त्रिभुवन," ते म्हणाले, "दीक्षेची तारीख कळवतो. आणि यापुढं उपदेश हातानं केलात तरी चालेल."

मग त्यांनी वर बघितलं आणि सगळ्यात पिवळी पपई रूथमावशींना झाडावरून काढायला लावली. दुपारी मी ट्रंक उपसली. कपडे फळीवर लावले, गोधडी खाटेवर टाकली आणि तळाला दोन फोडी उरलेली ती बरणी पानांपाशी आणून ठेवली. एक फोड ह्यांनी घेतली. दुसरी मी साहेबांना वाढली.